शरदिंदु बंद्योपाध्याय : रहस्यकादंबरी आणि चित्रपट यांमधील एक आयुष्य

मराठी समीक्षेने रहस्यकथेकडे दीर्घकाळ पाठच फिरविलेली आहे. बाबुराव अर्नाळकरांसारख्या लेखकाने वाचकांच्या काही पिढ्या घडविल्या. परंतु वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत त्यांच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या. बंगालीत परिस्थिती सर्वस्वी निराळी नव्हती, तरी तेथे एक महत्त्वाचा अपवाद घडला. ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून ज्याची गणना अग्रणींमध्ये होते, त्याच लेखकाने रहस्यकथेला प्रौढ वाङ्मयाचा दर्जा मिळवून दिला. हा लेखक म्हणजे शरदिंदु बंद्योपाध्याय. मराठी अभ्यासकाला त्यांच्या चरित्रात रस वाटावा याचे आणखी एक कारण आहे. त्यांच्या आयुष्याची अखेरची बत्तीस वर्षे प्रथम मुंबईत आणि नंतर पुण्यात गेली. व्योमकेश बक्षी या त्यांच्या सत्यान्वेषी नायकाच्या बत्तीस पूर्ण कथांपैकी बावीस कथा या महाराष्ट्रातील वास्तव्यात लिहिल्या गेल्या.

शरदिंदूंचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी जौनपूर येथे, आजोळी झाला. मूळ घराणे कोलकात्याच्या उत्तरेस असलेल्या बरानगरचे. परंतु वडील ताराभूषण हे बिहारमधील मुंगेर येथे वकिली करीत असल्यामुळे बालपण आणि शालेय शिक्षण मुंगेरातच झाले. बंगालबाहेर वाढलेल्या बंगाली माणसाची, म्हणजे तिकडे ज्यास प्रवासी बंगाली म्हणतात त्याची, एक विशिष्ट दृष्टी असते. मातृभाषेवर त्याचे प्रेम किंचित अधिक राखीव आणि अधिक जाणीवपूर्वक असते. शरदिंदूंच्या गद्याची घोटीव संस्कृतप्रचुरता या पार्श्वभूमीवर समजून घेणे इष्ट ठरेल. १९१५ साली मॅट्रिक झाल्यानंतर ते कोलकात्याच्या विद्यासागर महाविद्यालयात दाखल झाले. शिशिरकुमार भादुडी, जे पुढे बंगाली रंगभूमीचे युगप्रवर्तक नट ठरले, ते तेथे इंग्रजीचे अध्यापक होते. या काळात शरदिंदु हॅरिसन रोडवरील एका मेसमध्ये राहत. अविवाहित नोकरदार, विद्यार्थी, परगावचे फिरते लोक अशा नाना परींच्या माणसांनी भरलेली अशीच एक मेस पुढे व्योमकेश आणि त्याचा मित्र अजित यांचे पहिले भेटीचे ठिकाण झाली. तिघाचौघांच्या भिंतीआड राहणारी परंतु परस्परांना अनोळखी असणारी माणसे हे रहस्यकथेचे आद्य भांडवल होय, आणि ते शरदिंदूंनी पुस्तकांतून नव्हे तर राहत्या घरातून उचलले.

विसाव्या वर्षाच्या आसपास त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. पुढे कायद्याचे शिक्षण पाटण्यास पूर्ण करून त्यांनी वडिलांच्या हाताखाली वकिली आरंभिली. परंतु १९२९ मध्ये ती सोडून लेखन हाच व्यवसाय पत्करला. तत्कालीन मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने हा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल. वकिलीची ती थोडकी वर्षे मात्र वाया गेली नाहीत. साक्ष म्हणजे काय, पुरावा कोणत्या टप्प्यावर पुरावा ठरतो, माणूस खरे बोलत असतानाही दिशाभूल कशी करू शकतो, याची जाण व्योमकेशकथांत सर्वत्र आढळते.

१९३२ साली ‘पथेर काँटा’ ही व्योमकेशची पहिली कथा लिहिली गेली. कोलकात्याच्या गर्दीच्या रस्त्यावर माणसे एकाएकी कोसळतात आणि त्यांच्या छातीत ग्रामोफोनची पिन आढळते, असा तिचा विषय. मारेकरी सायकलवरून जातो. सायकलची घंटा हेच त्याचे हत्यार आहे. घंटेच्या नादात यंत्राचा आवाज बुडून जातो, आणि रस्त्यावर घंटा ऐकून कोण दचकणार? या कल्पनेत दृश्य आणि ध्वनी यांचा जो मेळ आहे, तो पाहता लेखकाचे मन चित्रपटाला अनुकूल होते असे वाटल्यावाचून राहत नाही. बोलपट भारतात येऊन त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते.

व्योमकेश स्वतःस गुप्तहेर म्हणवीत नाही. तो सत्यान्वेषी आहे. त्याचा वेष धोतर-कुडत्याचा, राहणी मध्यमवर्गीय. पाश्चात्त्य हेरनायकाची विक्षिप्त वृत्ती त्याच्यात नाही. ‘अर्थमनर्थम्’ या कथेत एका खुनाच्या तपासात सत्यवती त्याला भेटते आणि तो तिच्याशी विवाह करतो; पुढे त्याला मूल होते, वय वाढते, स्वतःचे घर होते. काळाच्या ओघात म्हातारा होत जाणारा हेरनायक ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. कॉनन डॉइल आणि ॲगाथा ख्रिस्ती यांचे ऋण उघड असले, तरी शरदिंदूंनी उचलली ती तंत्राची चौकट. माणसे मात्र त्यांनी आपल्याच गल्लीतील घेतली.

पहिल्या दहा कथा १९३६ पर्यंत लिहून झाल्या आणि व्योमकेश थांबला. तो सुमारे पंधरा वर्षे थांबला. या दीर्घ मौनाचे मुख्य कारण चित्रपट हेच होय.

१९३८ साली हिमांशु राय यांनी शरदिंदूंना मुंबईस बोलावून घेतले. मालाड येथील बॉम्बे टॉकीज ही संस्था १९३४ पासून शिस्तबद्ध चित्रनिर्मितीसाठी ख्यात होती. तिच्या आरंभीच्या चित्रपटांचे लेखक निरंजन पाल यांनी संस्था सोडल्यानंतर कथालेखकाची जागा रिकामी झाली होती. शरदिंदूंच्या ‘विषेर धोंया’ या कादंबरीवरून त्याच वर्षी ‘भाभी’ हा हिंदी चित्रपट निघाला. पुढच्या वर्षी ‘दुर्गा’ आणि ‘नवजीवन’ या चित्रपटांच्या कथाही त्यांनीच पुरविल्या. या निर्मितीची रीत मोठी कुतूहलजनक होती. कथा बंगाली लेखकाची, संवाद हिंदी लेखकाचे आणि दिग्दर्शक हिंदी न समजणारा जर्मन गृहस्थ फ्रान्झ ऑस्टेन. तीन भाषांच्या चाळणीतून गेल्यावर शब्दाचा रस फारसा शिल्लक राहत नाही. शिल्लक राहतो तो केवळ प्रसंगांचा सांगाडा. ज्याची खरी मिळकत शब्दकळा होती त्या लेखकाने तब्बल चौदा वर्षे अशा माध्यमात काढली, की जेथे त्याचा एकही शब्द त्याने लिहिला तसा प्रेक्षकापर्यंत पोहोचत नव्हता.

मराठीत याच सुमारास वि. स. खांडेकर ‘छाया’च्या निमित्ताने १९३६ मध्ये चित्रकथेकडे वळले होते. खांडेकर आपल्या भाषेत, आपल्या प्रेक्षकांसाठी लिहीत होते. शरदिंदूंना ती सोय नव्हती. या दोघांची तुलना करताना हा भेद दृष्टीआड करून चालणार नाही.

महायुद्ध सुरू होताच ऑस्टेन यांना स्थानबद्ध करण्यात आले. १९४० मध्ये हिमांशु राय यांचे निधन झाले. त्यानंतर लवकरच शरदिंदु बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडले आणि काही काळ आचार्य आर्ट या संस्थेत, पुढे स्वतंत्रपणे चित्रकथा लिहीत राहिले. या काळातील काही चित्रकथा त्यांनी नंतर बंगालीत ग्रंथरूपाने आणल्या. त्या वाचताना वाक्ये आखूड झालेली, वर्णन दृश्यापुरते उरलेले आणि मनोव्यापार कृतीतून दाखविण्याची सवय लागलेली दिसते. त्या त्यांच्या श्रेष्ठ कृती नव्हेत. परंतु एका लेखकाने दुसऱ्या माध्यमाची शिस्त अंगी कशी बाणविली, याचा तो चांगला पुरावा आहे. मुंगेरात १९३८ मध्ये आरंभिलेली ‘कालेर मंदिरा’ ही ऐतिहासिक कादंबरी मुंबईस आल्यामुळे अर्धवट राहिली. ती दहा वर्षांनी पुन्हा हाती घेऊन १९५० मध्ये त्यांनी पूर्ण केली. म्हणजे चित्रपटाने जे तोडले होते ते जोडण्याचा उद्योग मुंबईतच सुरू झाला होता. १९५१ च्या सुमारास वाचकांच्या आग्रहास्तव व्योमकेशही ‘चित्रचोर’ या कथेतून परतला.

१९५२ साली शरदिंदूंनी चित्रपटव्यवसायाशी असलेला संबंध संपवून पुण्यास कायमचे वास्तव्य केले. नेमक्या याच सुमारास पुण्याची प्रभात फिल्म कंपनी अखेरच्या घटका मोजीत होती, आणि १९६० मध्ये तिच्याच आवारात शासनाची चित्रपटशिक्षणसंस्था उभी राहिली. चित्रपट सोडून आलेला लेखक चित्रपटाच्याच गावी येऊन राहिला, हा केवळ योगायोग होय. त्यातून निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा.

पुण्याच्या वास्तव्यात त्यांची लेखणी विलक्षण बहरली. ‘गौडमल्लार’, ‘तुमि संध्यार मेघ’, ‘कुमारसंभवेर कवि’ या ऐतिहासिक कादंबऱ्या एकामागून एक आल्या. विजयनगरच्या पार्श्वभूमीवरील ‘तुंगभद्रार तीरे’ या १९६५ मधील कादंबरीला १९६७ चा रवींद्र पुरस्कार लाभला. मराठी वाचकाचे लक्ष मात्र त्यांच्या ‘सदाशिव’ या कुमारांसाठी लिहिलेल्या पाच कथांकडे जावयास हवे. शिवकालीन महाराष्ट्रातील एक निराधार खेडवळ पोरगा शिवाजीच्या पदरी कसा येतो आणि अंगच्या हुशारीने कामगिऱ्या कशा पार पाडतो, याची ही साहसमालिका आहे. बंगालीत शिवचरित्राची परंपरा जुनी. रमेशचंद्र दत्त यांची ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही कादंबरी हरिभाऊंच्या ‘उषःकाला’च्याही आधीची. परंतु दत्तांचा शिवाजी राष्ट्रभावनेच्या उंच आसनावर बसलेला आहे. शरदिंदूंचा शिवाजी घोड्यावरून उतरून पोराशी बोलतो. सह्याद्रीचे डोंगर, घाटवाटा, बाजरीची शेते यांचा ज्याला प्रत्यक्ष सहवास घडला आहे अशा लेखकाचे हे लेखन आहे. मराठीत त्याची व्हावी तशी दखल घेतली गेलेली नाही, ही खेदाची बाब होय. व्योमकेशही एकदा या मुलखात येतो. ‘शैलरहस्य’ ही कथा महाबळेश्वरच्या एका हॉटेलात घडते आणि ती व्योमकेशने अजितला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने आरंभते. हंगाम संपलेला, गाव ओस पडलेले, धुके दाटलेले, आणि बुद्धिवादी व्योमकेशला मृतात्म्याच्या साक्षीची दखल घ्यावी लागते.

शरदिंदूंच्या कथांवरील चित्रपटांचा विचार करताना प्रथम ‘झिंदेर बंदी’चा उल्लेख करावा लागतो. अँथनी होप यांच्या ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ या कादंबरीचे हे भारतीय रूपांतर. मूळच्या झेंडाचे झिंद हे संस्थान झाले. तपन सिंह यांनी १९६१ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि उत्तमकुमार यांनी त्यात दुहेरी भूमिका केली. हा चित्रपट यशस्वी ठरण्याचे कारण उघड आहे. तोतया राजाचे गुपित प्रेक्षकास पहिल्यापासून ठाऊक असते. आता पुढे काय होणार एवढाच प्रश्न उरतो, आणि तो पडद्यास मानवतो.

‘चिडियाखाना’चा प्रश्न याहून फार अवघड होता. १९५३ च्या सुमाराची ही व्योमकेशची दीर्घ कादंबरी. निशानाथ सेन हे मुंबई इलाख्यातील निवृत्त न्यायाधीश. त्यांनी कोलकात्यापासून दूर गोलाप कॉलनी नावाची फुलबाग आणि गोशाळा चालविली आहे. तेथे काम करणारी माणसे म्हणजे समाजाने टाकून दिलेली, कोणी व्यंग असलेली, कोणी पूर्वायुष्यात डाग लागलेली. शीर्षकातील प्राणिसंग्रहालय ते हेच. निशानाथ व्योमकेशकडे येतात ते नाहीशा झालेल्या एका चित्रपटनटीविषयी विचारण्यास. आणि पुढे त्यांचाच खून होतो.

या कादंबरीचा एक धागा चित्रपटांतराच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. निशानाथांचे प्रेत सापडते तेव्हा त्यांच्या पायांत मोजे असतात. दिवस ऐन उन्हाळ्याचे आहेत. अजित इतर दहा तपशिलांबरोबर हाही तपशील नोंदवून पुढे जातो, आणि वाचकही पुढे जातो. रक्तदाबाचा विकार असलेल्या त्या वृद्धाला पाय बांधून उलटे टांगून मारले होते आणि दोरीचे वळ झाकण्यासाठी मोजे चढविले होते, हे पुष्कळ नंतर उलगडते. आता हे पडद्यावर कसे दाखवावयाचे? छायालेखकाने पायांवर दृष्टी रोखली तर प्रेक्षक तत्क्षणी सावध होतो. न रोखली तर मोजे दिसतच नाहीत आणि शेवटचा खुलासा फसवणूक वाटतो. भाषेला एखादी गोष्ट सांगूनही लपविता येते. वाक्याच्या मध्यावर, दोन विशेषणांच्या आडोशाला ती ठेवता येते. चित्रचौकटीत असा आडोसा सापडणे फार कठीण. शिवाय अजित हा निवेदक आहे: तो पाहतो तेवढेच आपण पाहतो, आणि तो चुकतो तेव्हा आपणही त्याच्यासह चुकतो. कॅमेऱ्याला अजितचे भाबडेपण उसने घेता येत नाही.

सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘चिडियाखाना’ पडद्यावर आणला. मुळात ही योजना त्यांच्या साहाय्यकांची होती. त्यांनी ऐनवेळी गळ घातल्यामुळे राय यांनी चित्रपट हाती घेतला आणि पटकथाही स्वतः लिहिली. उत्तमकुमार व्योमकेश झाले. राय यांचा व्योमकेश चष्मा लावतो, घरात साप पाळतो आणि जपानी उद्यानतज्ज्ञाचे सोंग घेऊन गोलाप कॉलनीत शिरतो. मूळ कादंबरीच्या आरंभीच सत्यवती आणि मूल दार्जिलिंगला गेलेली आहेत. चित्रपटातील व्योमकेशला तर संसारच नाही, तो अजितसह बिऱ्हाड करून राहतो. हे फेरफार किरकोळ वाटले तरी तसे नाहीत. शरदिंदूंनी ज्या विक्षिप्तपणापासून नायकाला यत्नपूर्वक दूर ठेवले होते, तोच विक्षिप्तपणा साप आणि सोंग यांच्या वाटेने परत आला. कारणही समजण्यासारखे आहे. विचार करीत बसलेला मनुष्य पडद्यावर निष्क्रिय दिसतो. त्याला काहीतरी करावयास लावणे पटकथाकारास भाग पडते. मात्र नाहीशा झालेल्या नटीचा धागा राय यांनी समर्थपणे हाताळला. तिच्या जुन्या चित्रपटातील गाणे त्यांनी स्वतः रचून घातले, आणि कादंबरीत जे केवळ सांगितले आहे ते येथे चित्रपटातील चित्रपट म्हणून प्रत्यक्ष उभे राहते.

या चित्रपटासाठी राय यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘चिडियाखाना’ व ‘अँटनी फिरिंगी’ या दोन चित्रपटांतील भूमिकांसाठी उत्तमकुमार यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा. तरीही राय स्वतः या कृतीविषयी समाधानी नव्हते. अखेरीस सर्वांना एकत्र बसवून हेराने लांबलचक खुलासा करावयाचा, ही रचना चित्रपटास पोषक नाही, असे त्यांचे मत झाले. पुढे १९७४ मध्ये स्वतःच्या ‘सोनार केल्ला’ या कादंबरीवर चित्रपट करताना त्यांनी दुष्ट माणसे प्रेक्षकांना आरंभीच ओळखवून दिली. पुस्तकात जे गूढ होते ते पडद्यावर पाठलाग झाले. ‘चिडियाखाना’ने शिकविलेला धडा ‘सोनार केल्ला’त उपयोगी पडला, असे म्हणण्यास हरकत नसावी. मात्र यातून रहस्यकादंबरी पडद्यास अपात्र आहे असा सिद्धान्त काढणे अतिरेकाचे होईल. अडचण खुलाशाच्या लांबीत कमी आणि निवेदकाच्या लोपात अधिक आहे.

विशेष म्हणजे या सुमारास शरदिंदूही निवेदकाचा प्रश्न आपल्या परीने सोडवीत होते. १९६४ मधील ‘रूम नंबर दुइ’ या कथेपासून अजितचे निवेदन बंद होते आणि कथा तृतीयपुरुषी होते. व्योमकेशमालेचा आरंभ साधुभाषेत झाला होता. आता बोलीशी जवळीक असलेली चलित भाषा आली. अजितची जुनी वळणदार भाषा नव्या काळास साजेशी राहिली नाही, अशी त्यामागील भूमिका होती. परंतु परिणाम निराळाही झाला. ‘शजारुर काँटा’ या उत्तरकालीन कादंबरीत प्रसंग अनेक पात्रांच्या बाजूने दिसतात. व्योमकेश पुष्कळ पाने पडद्याआडच असतो आणि विजोड विवाहात अडकलेल्या जोडप्याचे दुःख हाच कथेचा गाभा होतो. ही रचना चित्रपटाच्या फार जवळची आहे. मालाडची चौदा वर्षे येथे उशिराने फळाला आली, असे दिसते. मंजु दे यांनी १९७४ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला. तो पाहण्यास लेखक हयात नव्हता.

शरदिंदूंचे निधन २२ सप्टेंबर १९७० रोजी झाले. त्यानंतर त्यांच्या कथांना पडद्यावर जे आयुष्य लाभले ते त्यांच्या हयातीतील चित्रपटकार्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. तरुण मजुमदार यांचा ‘दादार कीर्ति’ १९८० मध्ये आला. ‘मरु ओ संघ’ या कथेवर नवेंदु घोष यांनी १९८८ मध्ये ‘तृषाग्नि’ काढला. दूरदर्शनवर १९९३ मध्ये बासु चॅटर्जी यांची हिंदी मालिका सुरू झाली आणि रजित कपूर यांच्या रूपाने व्योमकेश मराठी घरांतही पोहोचला. या मालिकेने मूळ कथेला फारसा धक्का लावला नाही. दूरचित्रवाणीवर माणसे बसून बोलत राहिली तरी चालते. घरातल्या पडद्याला संभाषण खपते. त्यामुळे राय यांना जाचलेला खुलासा येथे बाधक झाला नाही. याउलट दिबाकर बॅनर्जी यांच्या २०१५ मधील हिंदी चित्रपटाने युद्धकालीन कोलकात्याचे वातावरण मध्यवर्ती केले आणि कथानक पुष्कळसे नव्याने रचले. ‘चिडियाखाना’वर २०१६ मध्ये अंजन दत्त यांनी पुन्हा बंगाली चित्रपट काढला.

मृत्युसमयी शरदिंदूंच्या लेखनात ‘विशुपाल वध’ ही व्योमकेशकथा अपुरी राहिली होती. नाटकाचा प्रयोग चालू असताना रंगमंचावरच एक नट मारला जातो, इतपत कथा पुढे गेली आहे. खून कोणी केला हे लेखकाने लिहून ठेवले नाही. २०२२ मध्ये अरिंदम शील यांनी या अपुऱ्या कथेवर ‘व्योमकेश हत्यामंच’ हा चित्रपट केला, आणि त्यातील उत्तर चित्रपटकारांना स्वतःच शोधावे लागले.